धन्याचा जुना शर्ट

दसऱ्यानंतर आदिलाबाद जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात जा. काळ्या रानात पऱ्हाटी फुटलेली असते आणि ओळीने बायका वेचणीला वाकलेल्या असतात. कमरेला ओटी, डोक्याला फडकं, आणि साडीवर हमखास पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. खांदे दंडापर्यंत उतरलेले, बाह्या दोनदा मुडपलेल्या, खालचं एखादं बटण तुटलेलं. आमची आई त्याला कन्नडमध्ये ‘अंगी’ म्हणते. धन्याने टाकून दिलेली अंगी हेच शेतात राबणाऱ्या बाईचं चिलखत.

हा शर्ट कुठल्या योजनेतून आलेला नाही. ऊन लागू नये, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी हात ओरबाडू नयेत, पानावरचं औषध अंगाला लागू नये म्हणून बायकांनीच शोधून काढलेला तो उपाय आहे. पण मैत्रिणींनो, कधी विचार केला आहे का, की शेतात, गिरणीत, कारखान्यात बाईच्या अंगाचं रक्षण करायला तिच्याच मापाचं काही का मिळत नाही? मलाही हा प्रश्न आक्काच्या हाताला जे झालं ते पाहीपर्यंत पडला नव्हता.

आक्काचं गाव

आम्ही मूळचे बिदर जिल्ह्यातले, भालकीकडचे. घरात आई कन्नड बोलते, वडील मराठी, आणि आम्ही भावंडं भांडताना दोन्ही. आक्का दिली आदिलाबादला, पैनगंगेच्या काठच्या एका गावात. तिथे तिला तेलुगूही शिकावी लागली. गंमत म्हणजे तिन्ही भाषांत ती आक्काच राहिली.

तसं पाहिलं तर बिदर आणि आदिलाबाद हे जुने शेजारी. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. मग भाषावार प्रांतरचना झाली. बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं, आणि त्याचे राजुरा, किनवट हे भाग मुंबई राज्याला जोडले गेले. २०१४ मध्ये तेलंगण झालं. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पण जैनद, बेला या भागांत आजही अंगणात मराठी ऐकू येते आणि रानात कापूस दिसतो.

आक्काच्या घरी सहा एकर कोरडवाहू आहे. निम्म्याहून जास्त कापूस, बाकी तूर आणि सोयाबीन. एका पावसाळ्यात तिच्याकडे गेले, तेव्हा ओसरीत खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली दिसली. आत ॲप्रन, टोपी, चष्मा, तोंडाला लावायची पट्टी आणि रबरी हातमोजे. फवारणीचा संच. गावात वाटप झालं तेव्हा दाजींच्या नावावर मिळालेला.

“दाजी, वापरत नाही का तुम्ही?” मी विचारलं.

“एक दिवस घातला होता. आत उकडून निघालो. चष्म्यावर वाफ धरते, पुढचं दिसत नाही,” दाजी म्हणाले.

आक्का काही बोलली नाही. तिने नुसता उजवा हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलल्यासारखी झाली होती.

रिकामी बोटं

झालं होतं असं. पंप पाठीला लावून फवारतात दाजी. पण विहिरीवरून पाणी आणायचं, बाटलीच्या झाकणाने औषध मोजायचं, बादलीत काठीने ढवळायचं आणि दाजींच्या पाठीवरच्या टाकीत ओतायचं, ही सगळी कामं आक्काची. दाजी संच वापरत नाहीत म्हटल्यावर तिने विचार केला, निदान मोजे तरी आपण घालावेत.

ते मोजे तिच्या हाताला मोठे. प्रत्येक बोटाच्या टोकाला पेरभर रबर रिकामं लोंबत होतं. बाटलीचं झाकण फिरवताना तेच रिकामं टोक झाकणात दुमडलं, बाटली निसटली आणि औषध मनगटावर सांडलं. मनगटाशी मोजा सैल, शिवाय बांगड्यांमुळे नीट वर चढलेला नव्हता. औषध थेट आत उतरलं. पाठीमागे दाजी खोळंबलेले, आभाळ भरून आलेलं. आक्काने हात झटकला, वरून पाणी ओतलं आणि तसाच मोजा घालून आणखी चार टाक्या भरल्या.

म्हणजे मोज्याने औषध बाहेर अडवायचं, ते त्याने आत कोंडून धरलं. संध्याकाळपर्यंत हाताची आग, रात्री मळमळ आणि दोन उलट्या. आदिलाबादच्या दवाखान्यात दोन दिवस काढून ती बरी झाली, हे नशीब. त्यानंतर तिने मोजे पिशवीत टाकले ते कायमचे.

“रिकाम्या बोटांपेक्षा उघडी बोटं बरी गं,” ती म्हणाली. “निदान काय धरलंय ते कळतं तरी.”

तिचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. हातमोजे घालायला बायका कंटाळतात, असं आपण सहज म्हणतो. पण सैल मोज्याने पकड जाते, मोठा गमबूट काळ्या मातीच्या चिखलात पायातून निघून येतो, लांब ॲप्रन पायात येतो. बसत नसलेलं साधन काही वेळा नसलेल्यापेक्षा घातक ठरतं. आणि मग ते खुंटीला लागतं.

औषध कुणाच्या हाताला लागतं?

आपल्याकडे विषालाही औषध म्हणतात. तेलुगूत ‘मंदु’, त्याचाही अर्थ औषधच. या नावामुळे त्याची भीती थोडी मरते. आणि दुसरी एक समजूत अशी, की औषधाशी संबंध फक्त फवारणाऱ्याचा. पंप ज्याच्या पाठीला, संच त्याच्या नावावर.

पण घरातली कामं एकेक करून मोजून पाहा. मिश्रण कालवणारी कोण? टाकी भरून देणारी कोण? फवारलेल्या रानात दोन दिवसांनी निंदायला जाणारी कोण? बोंडाबोंडाला बोटं लावून कापूस वेचणारी कोण? आणि फवारून आलेल्या धन्याचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवून हाताने चोळणारी कोण? औषध दाजींच्या अंगावर तुषाराने पडतं. आक्काच्या हाताला ते बाटलीतलं, पाणी न घातलेलं लागतं. कालवतानाचा क्षण म्हणूनच सगळ्यांत जोखमीचा.

कायदा याबाबतीत गप्प नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांत औषध हाताळणाऱ्या प्रत्येकाला योग्य संरक्षक कपडे हवेत, असं लिहिलं आहे. कपडा औषध आत न झिरपू देणारा आणि धुता येणारा हवा. हातमोजे मनगटाच्या वर, निम्म्या हातापर्यंत पोचणारे हवेत. ‘हाताळणारा’ म्हणजे फक्त फवारणारा नव्हे. बनवणारा, वाहून नेणारा, वापरणारा, सगळेच त्यात आले. आता योग्य कपडा म्हणजे अंगाला बसणारा कपडा, हे वेगळं सांगायला हवं का? पण दुकानात विचारा. हातमोजे बहुधा एकाच मापाचे, आणि ते माप पुरुषाच्या पंजाचं.

नदीपलीकडची आठवण

हा विषय किती गंभीर आहे, ते पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात विचारा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिथे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती, वर दमट उकाडा. या सगळ्याचा तो परिणाम. सरकारने चौकशी नेमली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली. संरक्षक संचांची चर्चा गावोगाव सुरू झाली ती तेव्हापासून.

पण ती चर्चाही फवारणाऱ्या पुरुषापाशी थांबली. बादलीशी उभ्या असलेल्या बाईचा हात कुणी मोजला नाही.

माप कुणाचं घेतलं?

वाचकहो, हे केवळ आपल्या खेड्यातलं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेच्या ‘नासा’ची गोष्ट ऐका. मार्च २०१९ मध्ये दोन महिला अंतराळवीर प्रथमच जोडीने यानाबाहेर पडून काम करणार होत्या. जगभर बातमी झाली. आणि ऐनवेळी कार्यक्रम बदलावा लागला, कारण दोघींना मध्यम मापाचा पोशाख हवा होता आणि त्या मापाचा धडाचा भाग वापरायला तयार असा एकच होता. शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर यांनी ती कामगिरी पार पाडली. अवकाशात माणूस पाठवणाऱ्यांची ही कथा, तर आपल्या तालुक्याच्या दुकानदाराला काय बोलायचं?

तोंडाला लावायच्या मुखवट्यांचंही तसंच. अमेरिकेत हे मुखवटे चेहऱ्याला बसतात की नाही हे पाहायला अनेक वर्षं जी मापं वापरली गेली, ती १९६७-६८ मध्ये हवाई दलातल्या लोकांची घेतलेली होती. कामगार बाई त्यात कुठून येणार? पुढे २००३ मध्ये सुमारे ४,००० कामगार स्त्री-पुरुषांचे चेहरे नव्याने मोजले गेले. तिथल्या बांधकाम कामगारांसाठी तर १३ जानेवारी २०२५ पासून नियमच लागू झाला, की संरक्षक साधन त्या-त्या कामगाराच्या अंगाला नीट बसणारंच असलं पाहिजे.

आपल्याकडे मापं नाहीत असंही नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातल्या शेतकरी-शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची ७९ आणि ताकदीची १६ अशी मापं गोळा करून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. अवजारं बनवणाऱ्यांनी ती वापरावीत हा हेतू. आपल्याकडच्या स्त्रीची सरासरी उंची पुरुषापेक्षा साधारण दहा-बारा सेंटिमीटरने कमी असते. तिचा पंजा अरुंद, पाऊल लहान, चेहरा छोटा. हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही, गावातला शिंपीही सांगेल. तरीही लग्नाचा ब्लाउज मापाने शिवणारी आपण माणसं, जीव वाचवणारा कपडा मात्र ‘कुणालाही चालेल’ म्हणून घेतो.

२०२० च्या करोनाच्या दिवसांत नर्सताईंचे फोटो आठवा. सैल पोशाख कमरेला चिकटपट्टीने आवळलेले, मुखवट्याच्या कडेने चेहऱ्यावर वळ उठलेले. आपण त्यांना टाळ्या वाजवल्या. तो पोशाख त्यांच्या मापाचा आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

जिनिंगमधली धूळ

आदिलाबादचा कापूस रानातून बाजार समितीत आणि तिथून जिनिंगमध्ये जातो. सरकी आणि रुई वेगळी होताना बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षं ती धूळ छातीत गेली की ‘बायसिनोसिस’ नावाचा आजार होऊ शकतो. त्याची खूण अशी, की आठवडी सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि धाप लागते.

इथे कामाला असलेल्या बायका तोंडाला पदर किंवा रुमाल बांधतात. त्याने मोठा कचरा अडतो, पण बारीक धूळ अडत नाही. एन-९५ प्रकारचा मुखवटा ती अडवतो, पण तो कडेने चेहऱ्याला चिकटून बसला तरच. लहान चेहऱ्यावर मोठा मुखवटा घातला तर नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि श्वास त्याच फटीतून जातो. ओळखायची सोपी रीत सांगते. मुखवटा घालून जोरात श्वास सोडा. डोळ्यांना वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली, तर तो बसलेला नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, धुळीचा मुखवटा औषधाच्या वाफेवर चालत नाही. त्यासाठी वेगळी गाळणी असलेला मुखवटा लागतो. कोणता, ते औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत पाहा किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आपल्या हातात काय आहे?

आधी शिवणाची टेप घ्या. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी पंज्याचा घेर मोजा. तो जितके इंच, साधारण तेच मोज्याचं माप. सात इंच भरला तर ७ नंबर. दुकानात नंबर सांगून मोजे मागा. नसतील तर मागवून द्यायला सांगा. चार बायकांनी एकत्र मागितलं तर दुकानदार आणतो.

मोजे नायट्राइलचे किंवा जाड रबराचे, आतून कापडी अस्तर नसलेले घ्या. अस्तर औषध शोषून धरतं. कापडी मोजे औषध कालवायला मुळीच वापरू नयेत.

कालवताना काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. त्यांनी मोजा फाटतो आणि वरही चढत नाही. काढायच्या नसतील, तर मोज्याची बाही बांगड्यांच्या वरपर्यंत जाईल इतकी लांब हवी.

हात खाली ठेवून काम असेल तर शर्टाची बाही मोज्याच्या बाहेर ठेवा, म्हणजे ओघळ आत जात नाही. हात डोक्यावर नेऊन काम असेल तर बाही मोज्याच्या आत घाला.

मोजे काढण्याआधी हातात असतानाच साबणाने धुवा. आत औषध गेलं तर मोजा लगेच उतरवा, हात साबण-पाण्याने धुवा आणि दुसरा जोड घाला. आक्काची चूक इथेच झाली.

फवारणीचे कपडे वेगळे भिजवा आणि मोजे घालूनच धुवा. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि मुलं यांना या कामापासून लांब ठेवा.

बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

घाम, लाळ, उलटी, अंधूक दिसणं, स्नायू फडफडणं किंवा धाप लागणं, यांतलं काही दिसलं तर कपडे उतरवून अंग धुवा आणि बाटलीसकट दवाखान्यात न्या. घरी उलटी करवू नका.

किलोवरची मजुरी

इतकं सांगितल्यावर आक्का हसली. “औषध कालवायला मोजे घालीन,” ती म्हणाली, “पण वेचताना कसं जमायचं? वेचणीची मजुरी किलोवर. मोजा घातला की बोंडातली रुई बोटाला लागत नाही. दिवसाचे चार-पाच किलो कमी भरले, तर ते पैसे कोण देणार?”

हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर एकट्या बाईने द्यायचं नाही. वेचायला बोटांना घट्ट बसणारा, पातळ मोजा लागतो. फवारणीनंतर किती दिवसांनी वेचायचं, हे मालकाने पाळायला लागतं. आणि अंगावरचा शर्ट तिच्या मापाचा, औषध न झिरपणाऱ्या कापडाचा शिवायला लागतो. तेलंगणात २०२४ मध्ये शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायचं काम महिला बचत गटांना दिलं गेलं. त्याच बायका फवारणीचे ॲप्रन बायकांच्या तीन मापांत का शिवू शकणार नाहीत? कापड सरकारने द्यावं, मापं भोपाळच्या पुस्तकात आहेतच. गावच्या रैतु वेदिकेत पुढची बैठक होईल, तेव्हा हे एकीने नव्हे, दहा जणींनी उठून विचारावं. वाटपाच्या यादीत घरटी एक नाव न घालता औषधाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि माप लिहून घ्यावं.

आपल्या बिदर, कलबुर्गीच्या वाचकांसाठीही हे तितकंच लागू. तिकडे तुरीवर फवारणी होते, आणि तिथेही बादलीशी बाईच असते.

आई नेहमी एक कन्नड म्हण सांगते, ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हात चिखलाने माखले तर तोंडात दही पडतं. कष्टाचं फळ मिळतं, असा अर्थ. पण आता हाताला नुसता चिखल लागत नाही. जे हाताला लागतं तेच भाकरीबरोबर तोंडात जातं, आणि त्याच हाताने आपण लेकराला घास भरवतो.

परवा दिवाळीला गेले, तेव्हा पिशवीत शिवणाची टेप घेऊनच गेले. आक्काचा पंजा सात इंच भरला, तिच्या सासूबाईंचा साडेसहा. आठवीतली भाची कडेला उभी राहून बघत होती. तिनेही हात पुढे केला. “तुला कशाला?” आक्का तिच्यावर ओरडली, “तुला नाही जायचं औषधाला.” मग जरा थांबून मला म्हणाली, “तरी लिहून ठेव. सव्वासहा.”

वहीच्या पानावर तीन आकडे लिहिले. मराठीत त्याला माप म्हणतात, कन्नडमध्ये अळते, तेलुगूत कोलता. तालुक्याच्या दुकानदाराने दोन जोड मागवून दिले, ७ नंबरचे. दाजींनी खुंटीवरची जुनी पिशवी काढून तिथे नवे मोजे अडकवले, आणि या वेळी ते आक्काच्या हाताला येतील इतक्या खाली.